गोटा टायर, खाचा आणि २७० मिलिमीटरचा वाद

निपाणी-संकेश्वरच्या हायवेवर ट्रकचा टायर गोटा झाला, म्हणजे नक्षी झिजून गुळगुळीत झाला, की तो रिमोल्डला जातो. रेसिंगच्या ओपन-व्हील, म्हणजे उघड्या चाकांच्या, गाडीला मात्र कोरड्या ट्रॅकवर गोटाच टायर हवा असतो, आणि तो कारखान्यातूनच तसा येतो. टायरवरची नक्षी पाणी बाहेर फेकण्यासाठी असते. पाणी नसेल तर खाचेपुरतं रबर रस्त्याला टेकतच नाही, तेवढी पकड फुकट जाते. फॉर्म्युला वनमध्ये असा बिननक्षीचा टायर, म्हणजे स्लिक, १९७१ साली आला आणि सत्तावीस वर्षं टिकला.

१९९८मध्ये नियामक संस्थेने वळणातला वेग कमी करायचं ठरवलं. गाडीची रुंदी २ मीटरवरून १.८ मीटरवर आणली आणि स्लिकवर खाचा सक्तीच्या केल्या. पुढच्या टायरला तीन, मागच्याला चार; १९९९पासून पुढेही चार. खाच वरच्या बाजूला १४ मिमी रुंद, तळाशी १० मिमी, खोली २.५ मिमी, आणि दोन खाचांच्या मध्यांत ५० मिमी अंतर. त्या काळचे फोटो पाहून अनेकांना तो पावसाळी टायर वाटतो. तसं नाही. या खाचा परिघाभोवती सरळ फिरायच्या आणि पकड घटवणं एवढंच त्यांचं काम होतं. पावसाचा टायर वेगळा असायचा.

खाचांनी दुसरंच दुखणं आणलं. दोन खाचांमधली रबराची पट्टी वळणात आडवी वाकायची, तिची कड फाटायची आणि फाटलेले दाणे पृष्ठभागावरच चिकटून बसायचे. हेच ग्रेनिंग. ते टाळायला कंपाउंड, म्हणजे रबराचं मिश्रण, कडक ठेवावं लागे. पुढे टायर झिजून खाच उथळ झाली की पट्टी ताठ व्हायची आणि पकड परत यायची. म्हणून त्या दशकात जुना टायर नव्यापेक्षा वेगवान झाल्याचं वरचेवर दिसतं.

२००१पासून दोन टायर कंपन्या समोरासमोर आल्या, एक जपानी आणि एक फ्रेंच. खाचांनी कमी केलेला वेग या चढाओढीने भरून काढला. २००३च्या मोसमात वाद उभा राहिला तो पुढच्या टायरच्या रुंदीवरून. ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याची, कमाल रुंदी २७० मिमी, ही अट नियमात होतीच. पण ती नव्या टायरवर मोजायची की वापरलेल्या? नवा टायर २७०मध्ये बसायचा. शर्यतीत वजन आणि वळणाचा जोर आला, थोडं रबर झिजलं, की टायरचा खांदा, म्हणजे ट्रेडच्या बाजूची गोलसर कड, खाली येऊन रस्त्याला टेकायचा. खांदा टेकला की प्रत्यक्ष टेकलेली रुंदी २७०च्या पुढे. सोळापैकी तेरा शर्यती झाल्यावर, ऑगस्टमधल्या हंगेरीनंतर, संस्थेने कळवलं की यापुढे माप शर्यत संपल्यावर घेतलं जाईल. तीन आठवड्यांनी इटलीत मोंझाला फ्रेंच कंपनीला पुढचा टायर बदलूनच उतरावं लागलं. उरलेल्या तिन्ही शर्यती जपानी टायरवरच्या एकाच संघाने जिंकल्या. त्यातली अमेरिकेची पावसाने विस्कटलेली होती, तेव्हा सगळं श्रेय टायरला देता येत नाही. पण नियमाचा हेतू टेकलेली रुंदी मर्यादित ठेवण्याचा असेल, तर मोजण्याची वेळ मोसमाच्या आधीच लेखी यायला हवी होती. अट जुनी ठेवून माप घ्यायची वेळ ऐन चुरशीत बदलणं न्याय्य नव्हतं.

२००५मध्ये शर्यतीत टायर बदलायलाच बंदी आली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या बँकिंगच्या, म्हणजे बाहेरची बाजू उंच असलेल्या, वळणावर फ्रेंच टायर टिकेनात; चौदा गाड्या फॉर्मेशन लॅपनंतर, म्हणजे शर्यतीआधीच्या फेरीनंतर, पिटमध्ये आत गेल्या आणि शर्यत सहा गाड्यांची झाली. पुढच्या वर्षी टायर बदलणं परत सुरू झालं, २००७पासून एकच पुरवठादार उरला आणि २००९मध्ये खाचा गेल्या. २०१७मध्ये मागचा टायर ३२५वरून ४०५ मिमी रुंद झाला. २०२२मध्ये रिम १३वरून १८ इंचांवर गेली.

टायरच्या नावातला 'सॉफ्ट' हा शब्दही फसवा आहे. २०१८मध्ये हायपरसॉफ्टपासून सुपरहार्डपर्यंत सात नावं होती. २०१९पासून रबराला सी१ (सर्वांत कडक) ते सी५ (सर्वांत मऊ) असे क्रमांक आले, आणि प्रत्येक ट्रॅकला त्यातली तीन निवडून हार्डला पांढरा, मीडियमला पिवळा, सॉफ्टला लाल असे रंग दिले जातात. म्हणजे एका ट्रॅकवर लाल पट्ट्याचा टायर सी३ असेल, तर दुसरीकडे सी५.

आपल्याकडे हा विषय येतो तो बेळगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या स्टुडंट फॉर्म्युलाच्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी बांधलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांमुळे. हब आणि अपराइट हे चाक धरणारे भाग उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत मशीनिंग करून मिळतात, टायर बाहेरून मागवावे लागतात. इथली नेहमीची चूक म्हणजे मोठ्या सिंगल-सीटरचे वापरलेले १३ इंची स्लिक स्वस्त मिळतात म्हणून घेणं. दोन-अडीचशे किलोच्या गाडीखाली ते कडक रबर तापतच नाही, आणि टायर तापवायची ब्लँकेट स्टुडंट फॉर्म्युलाच्या नियमांत चालत नाहीत. पावसाच्या टायरला किमान २.४ मिमी खोल नक्षी लागते, तीही उत्पादकाने किंवा त्याने नेमलेल्या एजंटनेच पाडलेली. जुन्या स्लिकवर आपण हाताने खाचा कापलेल्या चालत नाहीत.

हवेचा दाबही फसवतो. डिसेंबरच्या सकाळी, १५ अंशांवर, १२ पीएसआय भरलेला टायर धावून ५५ अंशांवर गेला की साडेपंधराच्या घरात पोचतो. पंपाच्या हवेत ओल असेल तर आणखी वर. म्हणून दाब गरम टायरवर, गाडी आत येताच पाहायचा. तापमान मोजायचा प्रोब (सुई) रबरात आतली कड, मध्य आणि बाहेरची कड अशा तीन जागी टोचायचा. मध्य जास्त तापला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या असतील तर हवा कमी. फक्त आतली कड जळत असेल तर हवेला हात न लावता आधी कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत झुकलेला कल, कमी करायचा.