नागासाकी: पाहुण्याला गाव दाखवण्याची साडेचारशे वर्षं

नागासाकीत एखाद्या संध्याकाळसाठी फेरी नोंदवली की सोबत येणारा माणूस बहुधा त्याच गावचा निघतो. शिआनबाशीच्या गल्ल्यांतली चिंचोळी दारूची दुकानं, चिनी वस्तीतला वाफाळता चाम्पोन हा शेवयांचा पदार्थ, तेरामाचीतली देवळांची रांग हे सगळं तो स्वतःच्या ओळखीपाळखीच्या जोरावर दाखवतो. खाणंपिणं आणि संस्कृती यांची अशी सांगड घालणाऱ्या फेऱ्या आता जपानच्या बहुतेक मोठ्या शहरांत विकत मिळतात. नागासाकीत मात्र ही गोष्ट पर्यटन कंपन्यांच्या कितीतरी आधीची आहे. परक्याला गाव उलगडून सांगणं हा या शहराचा जन्मापासूनचा धंदा आहे, आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय इथलं ताटही कळत नाही.

१५७१ साली स्थानिक सरदार ओमुरा सुमितादा याने हे बंदर पोर्तुगीजांना खुलं केलं. तोवर इथे नाव घेण्याजोगं गाव नव्हतं. दरवर्षीचं मोठं गलबत गोव्याहून निघून मलाक्का आणि मकाव करत इथे पोचायचं, म्हणजे शहराची नाळ पहिल्यापासून आपल्या किनाऱ्याशी जोडलेली आहे. १५८२ मध्ये नागासाकीहून युरोपला निघालेले चार जपानी किशोर जाता-येता दोन्ही वेळा गोव्यात थांबले होते. १५९० मध्ये ते परतले तेव्हा त्यांच्यासोबत छापखाना होता.

मराठी वाचकाच्या आणखी जवळचं नाव गोन्सालो गार्सिया याचं. वसईत जन्मलेला, वडील पोर्तुगीज आणि आई इथलीच. तरुणपणी जेझुइटांसोबत जपानला गेला, तिथली भाषा अस्खलित शिकला, पुढे मकावला व्यापार केला आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. १५९३ मध्ये मनिलाहून जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या भेटीला शिष्टमंडळ गेलं त्याचा दुभाषा हाच वसईकर होता. चार वर्षांत वारं फिरलं. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवण्यात आलं, त्यांत गोन्सालो होता. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं. टेकडीवरचं १९६२ सालचं स्मारक नागासाकी स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे. वसईत आजही गोन्सालोच्या नावाचं महाविद्यालय आहे. जपानी आणि परके यांच्यामध्ये उभं राहून बोलणाऱ्या माणसांनी घडवलेल्या या शहरात त्या पहिल्या पिढीतला एक जण आपल्या उत्तर कोकणचा होता, ही गोष्ट आपल्याकडे वसईबाहेर फारशी सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं.

पुढे ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पोर्तुगीजांना कोंडून ठेवण्यासाठी १६३६ मध्ये देजिमा हे पंख्याच्या आकाराचं कृत्रिम बेट बांधून झालं. १६३९ मध्ये पोर्तुगीजांची हकालपट्टी झाली आणि १६४१ पासून त्या बेटावर डच राहायला आले. १६८९ मध्ये चिनी व्यापाऱ्यांसाठीही कुंपणबंद वस्ती उभी राहिली. पुढची दोनशेहून अधिक वर्षं युरोपीय जहाजांना जपानमध्ये हे एकच बंदर उघडं होतं.

डचांना बेटाबाहेर मोकळं फिरता येत नव्हतं आणि सामान्य जपानी माणसाला बेटावर पाऊल टाकता येत नव्हतं. मधली सगळी जागा दुभाष्यांनी व्यापली. हे काम वतनासारखं बापाकडून मुलाकडे जायचं. डच भाषेची घराणी वेगळी आणि चिनी भाषेची वेगळी, त्यांतली चिनी दुभाष्यांची घराणी तर मुळात नागासाकीत स्थायिक झालेल्या चिन्यांचीच. व्यापाराची कागदपत्रं, औषधं, शस्त्रक्रिया, खगोल, सगळं त्यांच्या हातून जायचं. एदो (आजचं टोकियो) आणि ओसाकाहून विद्येच्या ओढीने आलेली माणसं थेट या दुभाष्यांच्या दारात उभी राहत.

त्यांतलं सर्वांत गाजलेलं दार योशिओ कोग्यू यांचं. अठराव्या शतकातला हा डच दुभाषा नावाजलेला वैद्यही होता. त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर ‘ओरान्दा झाशिकी’, म्हणजे डच दिवाणखाना होता. तिथे खुर्च्या, काचसामान आणि परदेशी उपकरणं मांडलेली असायची. तत्त्वज्ञ मिउरा बाइएन, चित्रकार शिबा कोकान, वैद्य ओत्सुकी गेन्ताकु अशी माणसं तिथे येऊन गेली. देजिमावर डच लोक १ जानेवारीला मेजवानी करत आणि त्यात जपानी अधिकाऱ्यांना व दुभाष्यांना बोलावत. योशिओंनी तीच मेजवानी आपल्या घरी सुरू केली. गेन्ताकु ती पाहून एदोला परतले आणि १ जानेवारी १७९५ रोजी त्यांनी स्वतःच्या घरी मित्र जमवून डच नववर्ष साजरं केलं. गावच्या यजमानाचं घर, त्याने समजावून दिलेलं परकं जेवण आणि पाहुण्याने सोबत नेलेला अनुभव: आज पैसे मोजून जे घेतात त्याचा पूर्ण आराखडा इथे तयार आहे. गावोगावच्या पर्यटनाचा इतिहास लिहिताना लोक आगगाडीपासून सुरुवात करतात. निदान नागासाकीपुरती तरी ती या दिवाणखान्यापासून करायला हवी.

आता ताटाकडे. डच आणि चिनी जहाजांतून साखर यायची, डच जहाजांत ती बरीचशी जावाची असायची. उरलेल्या जपानमध्ये साखर औषधासारखी मोजूनमापून वापरली जात असताना नागासाकीत ती देवळांना दान म्हणून, कामगारांना बक्षिसी म्हणून आणि मारुयामा या रंगेल वस्तीतल्या कलावंतिणींना भेट म्हणून मिळायची. जेवणात गोडवा कमी पडला की इथली माणसं अजूनही म्हणतात, ‘नागासाकी लांब राहिलं.’ बंदरातून उत्तरेकडे कोकुराला जाणाऱ्या नागासाकी काइदो या रस्त्याने साखर आणि मिठायांच्या कृती गावोगाव पसरल्या. हा ‘साखरेचा रस्ता’ २०२० मध्ये जपानच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आला. पोर्तुगीजांचा अंड्याचा केक इथे कासुतेरा झाला. तो करणारं फुकुसाया हे दुकान १६२४ पासूनचं आहे.

शिप्पोकु हा इथला थाटाचा बेत. जुन्या जपानमध्ये प्रत्येकाचं जेवण वेगळ्या छोट्या चौरंगावर मांडलं जायचं, आणि कोण कुठे बसणार हे त्याच्या दर्जावर ठरायचं. शिप्पोकुत सगळे लाखेच्या रंगाच्या एका गोल मेजाभोवती बसतात आणि मधल्या मोठ्या भांड्यांतून हवं ते घेतात. ही रीत चिनी घरांतून आली. पदार्थ जपानी, चिनी आणि युरोपीय असे तिन्हीकडचे. कच्च्या माशाशेजारी मंद आचेवर शिजवलेलं डुकराचं गोडसर मांस येतं, आणि तेही बाकी देशात डुकराचं मांस क्वचितच कुणी खात असे त्या काळापासून. सुरुवात मालकीणबाईंच्या एका वाक्याने होते: ‘ओहिरे घ्यावं.’ हे माशाचं पातळ सार संपेपर्यंत ना भाषण ना मद्याचा पेला. शेवट लाल चवळीसारख्या अझुकीच्या गोड खिरीने. मारुयामातलं १६४२ पासून चालत आलेलं कागेत्सु हे या जेवणाचं सर्वांत नामांकित ठिकाण. माझ्या मते शिप्पोकु नुसतं चाखून समजत नाही. आधी सार का, पेला नंतर का, हे सांगणारं कुणीतरी शेजारी बसलेलं असावं लागतं.

पेयांचीही अशीच गोष्ट. १८०४ मध्ये सरकारी कामावर नागासाकीला आलेले एदोचे लेखक ओता नान्पो यांना एका डच जहाजावर कॉफी देण्यात आली. ती करपट लागते, घशाखाली उतरत नाही, अशी नोंद त्यांनी केली. उलट दिशेने, देजिमातून बाहेर पडणारा साके (तांदळाचं मद्य) आणि सोयासॉस हासामी या गावात भाजलेल्या चिनीमातीच्या बुटक्या बाटल्यांत भरून जायचा. बाटल्यांवर रोमन अक्षरं रंगवलेली असायची, आणि त्या आजही इथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत दिसतात. बंदरं खुली होत असताना ओउरा केइ या व्यापारी बाईंनी डचांमार्फत चहाचे नमुने परदेशी पाठवले आणि १८५६ मध्ये एका इंग्रज व्यापाऱ्याकडून मोठी मागणी मिळवली. चाम्पोन मात्र तुलनेने अलीकडचा. फुजियानहून आलेल्या चेन पिंगशुन यांनी १८९९ मध्ये शिकाइरो हे उपाहारगृह काढलं आणि गरीब चिनी विद्यार्थ्यांना स्वस्तात पोटभर मिळावं म्हणून भाज्या, मासळी, मांस आणि जाड शेवया एकाच कढईत शिजवल्या.

९ ऑगस्ट १९४५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब उराकामी खोऱ्यावर फुटला. मधल्या डोंगरांमुळे जुन्या गावाचा मोठा भाग वाचला, म्हणून तेरामाची आणि सोफुकुजीचं चिनी धाटणीचं देऊळ आज पायी पाहता येतं. युद्धानंतर नागासाकीचं पर्यटन दोन गोष्टींवर उभं राहिलं: शांतिस्थळं आणि ग्लोव्हर बागेसारखी परदेशी वस्तीची घरं. शाळांच्या सहलींच्या बसगाड्या यायच्या, ठरलेल्या चार जागी थांबायच्या आणि निघून जायच्या. गल्लीतल्या माणसाचा त्यात काही संबंध राहिला नव्हता. १९९० मध्ये शहराने मोठं प्रवास प्रदर्शन भरवलं. गर्दी झाली, पण पुढच्या वर्षांत पाहुणे घटत गेले.

यातून जे निघालं ते मला या साऱ्या इतिहासातलं सर्वांत धाडसाचं पाऊल वाटतं. १ एप्रिल ते २९ ऑक्टोबर २००६ असे २१२ दिवस शहराने एकही मंडप न उभारता प्रदर्शन भरवलं. नाव ‘नागासाकी सारुकु-हाकु’. सारुकु म्हणजे इथल्या बोलीत रमतगमत भटकणं. गावातले रस्ते हेच प्रदर्शन. मार्ग आखले रहिवाशांनी, नकाशे त्यांनी तपासले, आणि वाटाडे म्हणून उभे राहिलेही तेच: निवृत्त शिक्षक, दुकानदार, गृहिणी. काही मार्ग नकाशा घेऊन एकट्याने चालायचे, काही वाटाड्यासोबत, आणि काही जाणकारांकडून शिकत. स्वयंपाक, मिठाई आणि कलाकुसर या तिसऱ्या प्रकारात बसली. आपल्याच गावातल्या अनोळखी गल्ल्या पाहायला नागासाकीकरही मोठ्या संख्येने चालले. प्रदर्शन संपल्यावर उपक्रम बंद न करता शहराने तो कायम केला, आणि ‘नागासाकी सारुकु’ आजही चालू आहे.

या आधी, २००१ मध्ये, बेप्पु या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाने रहिवाशांच्या छोट्या छोट्या कार्यक्रमांचा ‘ओन्पाकु’ सुरू केला होता. नागासाकीनंतर, २००८ मध्ये, ओसाकाने ‘ओसाका आसोबो’ या नावाने तशाच फेऱ्या काढल्या. त्यांच्या उभारणीत नागासाकीच्या प्रदर्शनाचेच निर्माते चातानी कोजी होते. म्हणजे जपानच्या शहरांतले स्थानिक अनुभव मुळात परदेशी पाहुण्यांसाठी जन्मलेच नाहीत. ते जपानी माणसांनी जपानी माणसांसाठी उभे केले.

परदेशी पाहुण्यांसाठी अडचण कायद्याची होती. १९४९ च्या कायद्यानुसार परकीय भाषेत पैसे घेऊन वाटाड्याचं काम करायला राष्ट्रीय परीक्षा आणि परवाना लागायचा. त्यामुळे हौशी माणसं बहुधा विनामोबदला काम करत. ४ जानेवारी २०१८ पासून सुधारित कायदा लागू झाला. परवानाधारकांचं पदनाम राखीव राहिलं, पण काम सर्वांना खुलं झालं. इंग्रजी बोलणाऱ्या स्थानिक माणसाला स्वतःच्या गल्लीतली संध्याकाळ विकता येऊ लागली ती तेव्हापासून. नागासाकीत याच सुमारास देजिमाचा जुन्या जागेवरचा नवा पूल झाला (२०१७), लपून राहिलेल्या ख्रिस्ती समाजाची स्थळं युनेस्कोच्या यादीत आली (२०१८), आणि २०२२ मध्ये शिनकानसेन ही अतिवेगवान रेल्वे पोचली.

सारुकुच्या फेऱ्या प्रामुख्याने जपानी भाषेत चालतात, म्हणून जपानी न येणारा पाहुणा साहजिकच नव्या सशुल्क फेऱ्यांकडे वळतो. त्या निवडताना मार्ग कोणी आखला हे विचारावं असं मी सुचवेन. ऑक्टोबरात जाणार असाल तर ७ ते ९ तारखांना सुवा देवस्थानाची कुन्ची ही जत्रा असते, १६३४ पासूनची. तीत नाच सादर करण्याची प्रत्येक मोहल्ल्याची पाळी सात वर्षांनी येते. ३ तारखेच्या संध्याकाळी पाळी असलेले मोहल्ले पोशाख, वाद्यं आणि आलेल्या भेटी दारात मांडून ठेवतात. ते पाहायला नाव नोंदवावं लागत नाही, पैसेही पडत नाहीत.