सावली काळी नसते

उन्हातल्या फोटोत सावली निळसर दिसली की 'कॅमेऱ्याने रंग चुकवला' असं बरेच जण सांगतात. सावली म्हणजे उजेड नसलेली जागा, तेव्हा ती काळीच हवी, असा त्यामागचा समज. तो चुकीचा आहे.

भर उन्हात पांढरा कागद ठेवा आणि त्यावर पेन्सिल उभी धरा. पेन्सिलीने अडवला तो फक्त सूर्याचा थेट प्रकाश. वरचं निळं आकाश तिच्या सावलीच्या पट्टीवर उजेड टाकतच असतं. म्हणून पट्टी निळसर. आपला मेंदू ही निळाई सवयीने वजा करतो, कॅमेरा आपणहून तसं करतोच असं नाही. प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका प्रकाश निळसर. दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विनचं. निरभ्र आकाशाखालची सावली ७००० च्या वर सहज जाते. कॅमेऱ्याच्या व्हाइट बॅलन्समध्ये, म्हणजे प्रकाशानुसार रंग जुळवण्याच्या सेटिंगमध्ये, 'शेड' हा वेगळा पर्याय याचसाठी दिलेला असतो. (शेजारी लाल भिंत असेल तर सावलीत तिचा तांबूसपणा उतरतो, तोही खराच.)

सावलीत चेहरा टिपताना 'शेड' जरूर निवडा, त्वचा निस्तेज दिसणार नाही. पण बर्फावरची सुंदर निळी सावली एडिटिंगमध्ये ओढूनताणून राखाडी करू नका.