रिकामा आयसीयू बेड म्हणजे बुडालेला पैसा?

कोविड ओसरल्यापासून इंदूरच्या मराठी मंडळींत, रामबागेपासून राजवाड्यापर्यंत, एक वाक्य ठरलेलं: "जादा आयसीयू बेड आणि व्हेंटिलेटर म्हणजे पैशाचा चुराडा, बघा कसे धूळ खातायत!" हे निम्मं तरी चूक आहे.

राखीव बेडचं मोल तो आज भरलाय का यावर ठरत नाही. साथ येण्याची शक्यता किती, आल्यास किती जीव वाचतील आणि तोवर तो सांभाळायला किती लागेल, हा खरा हिशेब. अग्निशमनचा बंब रोज धावत नाही म्हणून आपण तो भंगारात काढत नाही. जर्मनीत साथीआधी लाख लोकांमागे सुमारे ३४ आयसीयू बेड होते, इटलीत ९ च्या आसपास. मार्च २०२० मध्ये जर्मन रुग्णालयांनी इटली-फ्रान्सचे रुग्णही आणून ठेवले.

मग धूळ का? २०२० मध्ये पीएम केअर्समधून ५०,००० व्हेंटिलेटरसाठी २,००० कोटी रुपये मंजूर झाले. पण यंत्र म्हणजे बेड नव्हे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला प्रत्येक पाळीत एक प्रशिक्षित नर्स हवी. तीन पाळ्या आणि सुट्ट्या धरल्या की बेडमागे चार-पाच जणी. खरा खर्च हा, आणि नेमका तोच कोणी मोजत नाही.

अर्थात, बेड वाढवतच न्या असंही नाही. पहिले काही राखीव बेड बहुतेक साथींत भरतील, शेवटचे क्वचितच. त्यामुळे पुढचा प्रत्येक जीव महाग पडत जातो. त्यापेक्षा साध्या वॉर्डात आधीच ऑक्सिजनची पाइपलाइन टाकणं आणि इतर विभागांतल्या नर्सना दरवर्षी आयसीयूची उजळणी देणं स्वस्त पडतं.