भरला लादीपाव

भरला लादीपाव : तिखटमिठाचे सारण भरलेले, एका भांड्यात खेटून लावलेले आणि एकत्र भाजलेले पाव. भाजताना गोळे फुगून एकमेकांना चिकटतात. खाताना सुरी न लावता ते हातानेच तोडून सुटे केले जातात. बॉस्टनचे पार्कर हाउस रोल आणि ऑस्ट्रिया-बोहेमियातील गोड सारणाचे बुख्टेल हे याच कुळातले. दोन गोळ्यांमध्ये स्निग्धाचा हात फिरवून ते शेजारी शेजारी भाजायचे, ही युक्ती सर्वत्र सारखी आहे. ही नोंद विदर्भातील खेड्यांत, बहुधा ओव्हनशिवाय, चुलीवर किंवा गॅसवर होणाऱ्या घरगुती प्रकाराविषयी आहे.

नावाची व्युत्पत्ती : ‘पाव’ या शब्दाच्या उगमाविषयी तीन मते प्रचलित आहेत. पहिल्या मतानुसार तो पोर्तुगीज भाषेतून आला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला आणि खमिराची भाकर किनारपट्टीवर रुजवली. भाकरीला त्यांच्या भाषेत असलेला शब्द लॅटिन ‘पानिस’वरून आलेला असून त्याचा उच्चार ‘पांव’च्या जवळ जातो. दुसऱ्या मतानुसार पाव म्हणजे चतुर्थांश. मोठ्या भाकरीचा चौथा हिस्सा म्हणून पाव. तिसरे मत पीठ पायांनी तुडवण्याशी नाते जोडते. या मतामागे पावाविषयीचा जुना संशय असावा. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा वसई परिसरात सांगितल्या जातात, त्यातही हाच संशय दिसतो.

तिसरे मत मराठीत टिकत नाही. मराठीत अवयवाला ‘पाय’ म्हणतात, ‘पाँव’ हिंदीत. तेव्हा ही व्युत्पत्ती हिंदी भाषकांत शब्द पोचल्यावर सुचलेली असणार. चतुर्थांशाचे मत वरवर पटते, कारण संस्कृत ‘पाद’पासून आलेला पाव हा शब्द मराठीत पावशेर, सव्वापाव असा रोजच्या वापरात होताच. पण मूळच्या अखंड भाकरीला एक आणि तिच्या चौथ्या हिश्शाला दुसरे, अशी नावांची जोडी मराठीत आढळत नाही. अखंड नगालाही पावच म्हणतात. पोर्तुगीज उगम त्यामुळे अधिक ग्राह्य वाटतो. बटाटा, काजू, अननस, चावी, घमेले, बादली हे शब्दही त्याच किनाऱ्याने आत आले.

विदर्भाच्या संदर्भात येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. वऱ्हाड-नागपूरकडे बटाट्याला सर्रास ‘आलू’ म्हणतात आणि पावाला ‘पाव’बरोबर ‘डबलरोटी’ हे हिंदी नावही चालते. म्हणजे वस्तू एकच असली तरी तिची नावे दोन वाटांनी आली : एक पश्चिमेकडून मराठीतून, दुसरे उत्तरेकडून हिंदीतून. ‘लादी’ हा शब्द मात्र मराठीत रोजच्या वापरातला आहे. फरशीच्या लाद्या जोडून बसवाव्यात तसे दिसणारे पाव, म्हणून लादीपाव, हा अर्थ सरळ आहे.

विदर्भातील आगमन : कामठीची लष्करी छावणी 1821 ची आणि नागपूरपर्यंत लोहमार्ग 1867 मध्ये पोचला. छावणी व रेल्वे यांच्या आधाराने भट्टीचा पाव या भागात स्थिरावला असे मानण्यास जागा आहे. खेड्यात तो प्रथम पाहुण्यासारखा, आजाऱ्याच्या चहाबरोबर आला. घरी पाव भाजणे ही त्याहून बरीच अलीकडची गोष्ट होय.

भाजण्याची परंपरा मात्र येथे नवी नाही, आणि हे ठासून सांगितले पाहिजे. विदर्भातील रोडगा हा भाजलेल्या गव्हाच्या गोळ्यांतला अत्यंत समृद्ध प्रकार आहे. सोळाव्या शतकातील संत एकनाथांच्या भारुडात देवीला रोडगा वाहण्याचा नवस आहे. त्यावरून या पदार्थाचे नाव तरी तितके जुने ठरते. जाडसर कणकेच्या लहान पाऱ्या तेल लावून एकावर एक ठेवायच्या, त्या मोठ्या पारीत बंद करायच्या आणि गोवऱ्यांच्या जगऱ्यात (निखाऱ्यांच्या ढिगात) भाजायच्या. राख झटकून गोळा हाताने फोडला की आतले पदर वाफेसह सुटतात. त्यावर तूप, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. पदरांत तेल घालून ते सुटे ठेवणे, कोरड्या धगीत भाजणे आणि हाताने फोडणे या तिन्ही गोष्टी भरल्या लादीपावात जशाच्या तशा लागतात. रोडगे करणाऱ्या हाताला त्यात नवीन असते ते फक्त खमीर.

पीठ व खमीर : 12 पावांसाठी साधारण 400 ग्रॅम पीठ, 250 मिलिलिटर कोमट पाणी किंवा दूध-पाणी, 5 ग्रॅम कोरडे यीस्ट, 8 ग्रॅम मीठ, तीन चमचे साखर व दोन मोठे चमचे तेल पुरते. पिठात तीन वाटे मैदा आणि एक वाटा लोकवन गव्हाची कणीक घेतल्यास चव येते. कणीक याहून वाढवली तर कोंड्याचे कण ग्लुटेनचे (गव्हातील चिवट प्रथिनाचे) धागे तोडतात आणि पाव दडस होतो. रोडग्याला लागणारा बन्सी गहू येथे सोयीचा नाही. त्याच्या पिठाला बळ असते, पण ताणून पसरण्याचा गुण कमी, त्यामुळे वायू धरणारा पातळ पडदा तयार होत नाही. मळणी दहा-बारा मिनिटांची हवी. चिमटीत घेतलेला गोळा न फाटता उजेड दिसेल इतका पातळ ताणला गेला, की पीठ झाले.

यीस्ट म्हणजे जिवंत बुरशी, आणि विदर्भाचा उन्हाळा तिला फार लवकर पळवतो. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा माठातले पाणी वापरावे. पीठ अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होते आणि नजर चुकली तर आंबट वास सुटतो. डिसेंबरच्या थंडीत तेच पीठ चुलीच्या उबेला दोन तास ठेवावे लागते. घड्याळापेक्षा पिठाकडे पाहणे बरे : बोट दाबल्यावर खड्डा सावकाश, अर्धवट भरून आला पाहिजे. पाणी हाताला चटका देण्याइतके कढत असेल तर यीस्ट मरते. फोडलेले पाकीट घट्ट बंद करून थंड जागी ठेवावे.

सारण : हिवाळ्यात तुरीचे सोले हे सर्वांत मोलाचे. ओल्या शेंगांतले कोवळे दाणे लसूण-मिरचीसह ओबडधोबड वाटून तेलावर परततात. सांबारवडीचे सारण, म्हणजे सांबार (कोथिंबीर), सुके खोबरे, खसखस व तिखट, हे दुसरे. तिखट भिवापुरी मिरचीचे असेल तर रंग उठतो. कोरडा झुणका किंवा आलूची भाजीही चालते.

सारणात पाणी राहू नये, एवढा एक नियम कटाक्षाने पाळावा. ओलावा राहिला तर त्याची वाफ पावात पोकळी करते व तळ गिच्च होतो. सांबार धुतल्यावर फडक्यावर पसरून सुकू द्यावे, कांदा कच्चे पाणी आटेपर्यंत परतावा. तरीही ओलसर वाटल्यास भाजलेले बेसन भुरभुरावे. सारण पूर्ण निवल्यावरच भरावे. सुमारे 60 ग्रॅमच्या गोळीला 20 ते 25 ग्रॅम सारण पुरे. पारीच्या कडांना तेल लागले तर तोंड मिटत नाही, म्हणून मोदकासारखी कड गोळा करताना बोटे कोरडी असावीत.

भाजणे : गोळे तेल लावलेल्या पसरट भांड्यात, मिटलेले तोंड खाली करून, बोटभर अंतराने लावतात. बाजूंना तेलाचा हात फिरवतात. अर्ध्या-पाऊण तासात ते फुगून एकमेकांना टेकतात. टेकलेल्या बाजूंना कोरडी धग लागत नाही, म्हणून तेथे कवच न येता पांढरा मऊ गाभा राहतो. रंग फक्त माथ्याला व तळाला येतो. सुटा भाजलेला पाव इतका लुसलुशीत होत नाही, याचे कारण हेच.

ओव्हन असल्यास 190 अंश सेल्सियसला 20 ते 25 मिनिटे लागतात. चुलीवर जाड बुडाच्या गंजात (पातेल्यात) कोरडी रेती पसरून, मध्ये तिवई ठेवून, गंज झाकून दहा मिनिटे तापवतात. मग पावाचे भांडे आत ठेवून झाकणावर निखारे पसरतात. खाली आच मंद व वर निखारे भरपूर, हे प्रमाण उलटले तर तळ करपतो आणि माथा फिका राहतो. साधारण 35 मिनिटांनी एक पाव उचलून बुडावर टिचकी मारतात. पोकळ, डफासारखा आवाज आला तर झाले. बद्द आवाज आल्यास आणखी पाच मिनिटे. गॅसवर कुकरची शिटी व रबर काढूनही हे जमते, मात्र पातळ बुडाचा कुकर कोरडा तापवू नये. उतरल्याबरोबर माथ्यावर तूप लावून ओलसर फडके झाकले की कवच नरम पडते.

बाजारच्या पावाइतका हा पाव टिकत नाही. बटाट्याचे किंवा सोल्यांचे सारण असेल तर उन्हाळ्यात त्याच दिवशी संपवावा. थंडीत दुसऱ्या दिवशी तव्यावर पाण्याचा हबका मारून, वर झाकण ठेवून गरम केल्यास तो पुन्हा मऊ होतो. फ्रीजमधल्या थंडाव्यात पावातला स्टार्च लवकर घट्ट होतो आणि पाव कडक पडतो. पण भरल्या पावाला सारणामुळे तिथे ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, आणि तो कडकपणा तव्यावरच्या वाफेने जातो.