इराणच्या घटनेत ‘क्रांती निर्यात करा’ असं कलम आहे?

नाही. वर्षानुवर्षं हे ठासून सांगितलं जातं, पण असं कलम तिथे नाही. १९७९ च्या या घटनेचं कलम १५४ नीट वाचायला हवं: जगभरच्या ‘मुस्तझअफीन’च्या, म्हणजे दडपलेल्यांच्या, न्याय्य लढ्याला पाठिंबा, मात्र इतर राष्ट्रांच्या अंतर्गत कारभारात कसलीही ढवळाढवळ न करता. ही अट त्याच कलमात आहे, आणि नेमकी तीच गाळली जाते. कलम १५२ वर्चस्व गाजवणं आणि सोसणं, दोन्ही नाकारतं. गैरसमजाचं मूळ प्रस्तावनेत आहे. क्रांती देशात आणि देशाबाहेर चालू ठेवण्याची भाषा तिथे खरोखरच आहे. तरीही लेबनॉनमधल्या हिजबुल्लाला शस्त्रं पुरवणाऱ्या सरकारला जाब विचारायचा, तर कलम १५४ च दाखवावं लागेल.