पापक्षमा व नवजीवन (ख्रिस्ती धर्म)

ख्रिस्ती श्रद्धेतील एक मूलभूत संकल्पना. माणसाने केलेले पाप देव येशू ख्रिस्ताद्वारे माफ करतो आणि पश्चात्ताप करणाऱ्याला नव्याने जगण्याची वाट मोकळी करून देतो, हा तिचा थोडक्यात आशय. क्षमा स्वतःच्या पुण्याईवर कमावता येत नाही, ती देवाच्या कृपेने मिळते, याबाबत प्रमुख ख्रिस्ती परंपरांत फारसे दुमत नाही. भांडणे झाली ती पुढच्या प्रश्नांवर : ही क्षमा कोणाच्या तोंडून ऐकायची, झालेले नुकसान कोणी भरून द्यायचे आणि पुन्हा पुन्हा घसरणाऱ्याला किती वेळा उभे करायचे. या संकल्पनेचा इतिहास बराचसा या शेवटच्या प्रश्नाभोवतीच फिरत आला आहे.

तिची मुळे यहुदी परंपरेत आहेत. इस्राएलचा राजा दावीद याने उरीया या आपल्याच योद्ध्याच्या बायकोला, बथशेबाला, राजवाड्यात आणवले आणि ती गरोदर राहिल्यावर उरीयाला लढाईत मुद्दाम आघाडीवर ठेवून मारवले. नाथान संदेष्ट्याने राजाला सरळ दोष दिला नाही. पाहुण्याच्या जेवणासाठी गरिबाची एकुलती एक मेंढी हिसकावून नेणाऱ्या श्रीमंताची गोष्ट त्याने सांगितली. संतापलेल्या दावीदाने त्या श्रीमंताला मरणदंड सुनावला, तेव्हा नाथान म्हणाला, ‘तो मनुष्य तूच आहेस.’ दावीदाने पाप कबूल केले आणि त्याला क्षमाही मिळाली; पण त्याचे ते मूल दगावले आणि पुढे त्याच्याच घरात रक्तपात झाला. स्तोत्रसंहितेतील ५१ वे स्तोत्र परंपरेने या प्रसंगाशी जोडले जाते. त्यात सबब सांगितलेली नाही. आतून शुद्ध करण्याची आणि नवे मन देण्याची विनवणी तेवढी आहे. क्षमा झाली म्हणून परिणाम टळत नाहीत, ही गोष्ट इतक्या आरंभापासूनच या परंपरेत आहे. पुढच्या अनेक प्रवचनांतून मात्र ती सोयीस्करपणे गळालेली दिसते.

येशूच्या शिकवणुकीत या विषयाचे सर्वांत प्रसिद्ध चित्र लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येते. हा उधळ्या मुलाचा दृष्टांत. दोन भावांपैकी धाकटा बापाकडून वाटणी मागून घेतो, परदेशात ती उधळतो आणि डुकरे राखायची वेळ आल्यावर घरी जायला निघतो. बापापुढे काय बोलायचे, ते त्याने मनाशी जुळवून ठेवलेले असते : मी पाप केले आहे, मुलगा म्हणवून घ्यायला लायक नाही, मला एखाद्या मजुरासारखे ठेवा. बाप त्याला दुरून पाहतो, धावत जातो, गळ्यात पडतो. मुलगा बोलायला लागतो, पण मजुरीचे वाक्य त्याच्या तोंडून निघायच्या आतच बाप नोकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला फर्मावतो. क्षमेला अट नाही, हे इथे एका अर्धवट राहिलेल्या भाषणातून सांगितले आहे. थोरला भाऊ मात्र रुसून अंगणातच थांबतो. बाप त्याची समजूत घालायला बाहेर येतो. तो शेवटी आत गेला की नाही, ते कथेत सांगितलेले नाही. या दृष्टांतावर बोलणारे बहुतेक जण धाकट्यावर थांबतात, पण खरी अडचण थोरल्याची आहे. दुसऱ्याला मिळालेली माफी सहन कशी करायची, याचे उत्तर कथा देत नाही.

भरपाईची बाजू त्याच शुभवर्तमानात जक्कयाच्या प्रसंगात येते. येशू या श्रीमंत जकातदाराच्या घरी उतरतो म्हणून लोक कुरकुरतात. जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत करण्याचे जाहीर करतो. येशूने त्याच्याकडे हे मागितलेले नव्हते. मिळालेली क्षमा दुसऱ्याला द्यायची, हा आणखी एक धागा. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला सात वेळा क्षमा करू का? उत्तरात येशू आकडा निरर्थक होईल इतका वाढवतो आणि एका चाकराचा दृष्टांत देतो. राजा या चाकराचे दहा हजार तालांतांचे कर्ज माफ करतो. बाहेर पडताच हा आपल्या सोबत्याचा शंभर दिनारांसाठी गळा धरतो. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. म्हणजे एक कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके, दुसरे जेमतेम शंभर दिवसांचे.

प्रेषित पौल आरंभी ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) छळ करणारा होता, त्यामुळे नव्या जीवनाबद्दल तो ऐकीव बोलत नाही. ख्रिस्तात असलेला माणूस ही नवी उत्पत्ती होय, असे तो करिंथकरांना लिहितो. बाप्तिस्म्यात, म्हणजे ख्रिस्ती होतानाच्या जलसंस्कारात, जुना माणूस ख्रिस्ताबरोबर पुरला जातो आणि त्याच्याबरोबर उठतो, असे त्याने रोमकरांस पत्रात मांडले. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम या यहुदी पुढाऱ्याला येशूने सांगितलेला नवा जन्मही याच अर्थाचा. वधस्तंभावरील मृत्यूमुळे क्षमा नेमकी कशी मिळते, यावर मात्र एकच अधिकृत सिद्धांत नाही. पापाची फेड, सैतानावरील विजय, प्रेमाचा दाखला अशा वेगवेगळ्या मांडण्या झाल्या. त्यांतील फेडीची मांडणी कँटरबरीचा आर्चबिशप अन्सेल्म याने अकराव्या शतकाच्या अखेरीस तर्कशुद्धपणे केली.

बाप्तिस्म्याने आधीची पापे धुतली जातात, पण तो एकदाच. मग त्यानंतर गंभीर पाप घडले तर काय? आरंभीच्या मंडळीला या प्रश्नाने पेचात टाकले. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने पश्चात्तापाची आणखी एक, पण एकच संधी मान्य केली. पुष्कळांनी यावर व्यवहारी तोड काढली : बाप्तिस्माच लांबवायचा. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने तो इ.स. ३३७ मध्ये मरणाच्या उंबरठ्यावर घेतला. त्याआधी, इ.स. २५० मध्ये सम्राट डेसियसने देवतांना बळी देण्याची सक्ती केली, तेव्हा जिवाच्या भीतीने असंख्य ख्रिस्ती लोक डगमगले. काहींनी बळी न देताच बळी दिल्याचा दाखला विकत घेतला. छळ ओसरल्यावर ते परत येऊ लागले. रोममधील नोव्हेशियनने त्यांना दार बंद ठेवले आणि वेगळा पंथ उभारला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने दीर्घ प्रायश्चित्तानंतर त्यांना परत घेण्याचा मार्ग धरला आणि मंडळीत पुढे तोच टिकला.

त्या काळचे प्रायश्चित्त चारचौघांत होई. पापी माणूस उपासनेत वेगळा उभा राहायचा, उपास करायचा आणि बिशपने डोक्यावर हात ठेवल्यावर पुन्हा प्रभुभोजनात (भाकर व द्राक्षारसाच्या विधीत) सामील व्हायचा. यातून सम्राटही सुटला नाही. इ.स. ३९० मध्ये थेस्सलनीकात त्याच्या सैन्याने केलेल्या कत्तलीबद्दल मिलानचा बिशप अँब्रोझ याने थिओडोसियसला प्रायश्चित्त घ्यायला लावले.

बदल आयर्लंडच्या मठांतून आला. तिथले भिक्षू खासगीत आणि पुन्हा पुन्हा पापनिवेदन (पापांची कबुली) करीत. कोणत्या पापाला किती दिवस भाकर-पाण्यावर राहायचे याच्या याद्याच त्यांनी केल्या, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीस कोलंबानुससारख्या भिक्षूंनी ही पद्धत युरोपच्या मुख्य भूमीवर नेली. त्याच सुमारास, ५८९ मध्ये, स्पेनमधील तोलेदोच्या धर्मसभेने पाप केले की दर वेळी क्षमा मागायला येण्याची चाल निंद्य ठरवली होती. पुढे १२१५ मध्ये रोममधील चौथ्या लॅटरन धर्मसभेने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन सक्तीचे केले! सव्वासहाशे वर्षांत निषिद्ध गोष्ट कर्तव्य झाली.

कॅथलिक परंपरेत आज हा विधी संस्कार मानला जातो. माणूस आधी आपल्या वागण्याची मनाशी झडती घेतो, मग धर्मगुरूपाशी पापे उच्चारतो. धर्मगुरू प्रायश्चित्त सांगतात; ते प्रार्थना असेल किंवा एखादे सत्कृत्य. चोरी केली असेल तर वस्तू परत करणेही ओघानेच आले. मग त्याच्यावर हात धरून क्षमावचन उच्चारले जाते. ऐकलेले गुपित धर्मगुरूला कोणत्याही कारणासाठी फोडता येत नाही; थेट फोडल्यास तो आपोआप बहिष्कृत होतो. ऑर्थोडॉक्स परंपरेत धर्मगुरू बहुधा माणसाच्या शेजारी उभा राहतो आणि दोघांची तोंडे ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे असतात. तिथे ईस्टरआधीच्या महाउपवासाच्या तोंडावर क्षमेचा रविवारही पाळतात. त्या संध्याकाळी मंडळीतील प्रत्येक जण दुसऱ्यापुढे वाकून माफी मागतो, धर्मगुरूसुद्धा.

पापाबद्दलच्या शिक्षेत सूट देणारी चर्चची दंडमुक्तीपत्रे मध्ययुगाच्या उत्तरार्धात पैशाच्या बदल्यात मिळू लागली. त्यांना विरोध करीत जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ प्रमेयांतले पहिलेच प्रमेय असे की, विश्वासणाऱ्याचे अवघे आयुष्य पश्चात्तापाचे असावे. त्याच्या चळवळीतून निघालेल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांनी मध्यस्थाची गरज नाकारली. पापांची कबुली थेट देवापुढे, किंवा उपासनेत सर्वांनी मिळून, असा प्रघात पडला. पण फुकट मिळणारी क्षमा स्वस्त समजली जाण्याचा धोका तिथेही होता. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहॉफर यांनी १९३७ मध्ये पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या अशा ‘स्वस्त कृपे’वर कडक टीका केली.

जीवन पालटल्याच्या साक्षी हा ख्रिस्ती साहित्यातील मोठा प्रकार. ३८६ मध्ये मिलानच्या एका बागेत पुढे बिशप झालेल्या ऑगस्टीनचे मन पालटले, ते असे एका क्षणात. इंग्रज खलाशी जॉन न्यूटनची हकिगत इतकी सरळ नाही, आणि म्हणूनच ती जास्त बोलकी आहे. १७४८ मध्ये वादळात सापडलेल्या जहाजावर त्याने देवाचा धावा केला आणि तोच आपला नवा आरंभ मानला. तरीही पुढे काही वर्षे तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांचा कप्तान होता. १७६४ मध्ये तो धर्मोपदेशक झाला. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीर लेखन केले ते १७८८ मध्ये, म्हणजे वादळानंतर चाळीस वर्षांनी.

देवाची क्षमा आणि कायद्याची शिक्षा यांचा संबंध हा आजही तापणारा मुद्दा आहे. चर्चमधील लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांत क्षमेची भाषा गुन्हेगाराला पाठीशी घालण्यासाठी वापरली गेली, हा आक्षेप रास्त आहे. पीडितावर माफ करण्याची सक्ती करणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय ठरतो. १३ मे १९८१ रोजी मेहमेत अली आगजा याने पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या. चारच दिवसांनी पोपनी रुग्णालयातून त्याला क्षमा केल्याचे सांगितले आणि १९८३ च्या डिसेंबरात तुरुंगात जाऊन ते त्याला भेटले. आगजाची शिक्षा त्यामुळे संपली नाही. इटलीने त्याला माफी दिली ती २००० मध्ये, आणि नंतर त्याला तुर्कस्तानच्या ताब्यात देण्यात आले. तिथे एका पत्रकाराच्या आधीच्या खुनासह जुन्या गुन्ह्यांसाठी त्याला पुन्हा तुरुंगात बसावे लागले. तो कायमचा सुटला २०१० मध्ये.