शून्य माशांचा हिशेब

अमेरिकेतल्या तळ्यांवर बास माशासाठी गळ टाकणाऱ्यांच्या तोंडी दोन वाक्यं हमखास असतात. एक, ‘इथले मासे आता फार हुशार झालेत.’ दुसरं, ‘माशाची आठवण जेमतेम तीन सेकंदांची.’ एकच माणूस सकाळी पहिलं म्हणतो आणि दुपारी दुसरं. दोन्ही एकाच वेळी खरी असणं शक्य नाही, आणि तीन सेकंदांची गोष्ट तर निव्वळ थाप आहे.

१९७० साली नेदरलँड्समध्ये बेउकेमा या संशोधकाने पाइक माशांवर प्रयोग केले. धातूच्या चकचकीत नकली आमिषाला एकदा फसलेले पाइक पुढे त्या आमिषाला टाळू लागले. जिवंत मासा गळाला लावला, तर मात्र असं टाळणं दिसलं नाही. कारण उघड आहे. जिवंत माशासारखं दिसणारं सगळंच टाळायचं ठरवलं, तर पाइकवर उपाशी मरायची वेळ येईल.

बासची गोष्ट आणखी रंजक आहे. इलिनॉय राज्यातल्या रिज लेक या प्रायोगिक तळ्यात १९७५पासून, सापडलेल्या प्रत्येक बासला खूण करून परत सोडलं जाई. चार वर्षांनी तळं उपसलं तेव्हा १,७००हून जास्त मासे निघाले आणि त्यांतले सुमारे २०० एकदाही गळाला लागलेले नव्हते. उलट एक बहाद्दर एकाच वर्षात १६ वेळा सापडला होता. मग सहज फसणाऱ्यांची आणि न फसणाऱ्यांची वेगवेगळी पैदास केली, तर पिढ्यांगणिक दोन घराण्यांमधला फरक वाढत गेला. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. म्हणजे आमिषाला बळी पडण्याचा स्वभाव काही अंशी रक्तातूनच येतो. ज्या तळ्यावर वर्षानुवर्षं गळ पडत आलेत, तिथे शिकलेले मासे आहेत आणि जन्मजात सावध मासेही आहेत.

अशा छळलेल्या तळ्यात मोठं आमिष घेऊन उतरणारा माणूस म्हणूनच हिरमुसतो. मोठं म्हणजे २० ते २५ सेंटीमीटर लांब, १०० ग्रॅमच्या वर वजन, ट्राउट माशासारखं रंगवलेलं. ही तऱ्हा दक्षिण कॅलिफोर्नियात बहरली. १९५९मध्ये सॅन दिएगोच्या जलाशयात फ्लोरिडाच्या वाणाचे बास आणून सोडले. थंडीत हौशी लोकांसाठी तिथल्या तळ्यांत ट्राउट सोडले जातात. त्यांवर ताव मारून हे बास राक्षसी वाढले. एवढ्या माशाला एवढा घास, हा विचार चुकीचा नाही. पण असे मासे मुळात मोजके. त्यामुळे दिवसामागून दिवस हात रिकामा, आणि चौथ्या दिवशी माणूस मुकाट्याने दहा सेंटीमीटरच्या रबरी अळीकडे वळतो.

तो वळतो ते बहुधा चुकीच्या कारणासाठी. रिकाम्या हातातून काय कळतं आणि काय कळत नाही, याचं चोख गणित आहे, आणि ते घोड्यांच्या लाथांपासून समजून घ्यावं.

१८९८ साली बोर्टकीविच या संख्याशास्त्रज्ञाने प्रशियाच्या घोडदळात लाथ बसून मेलेल्या सैनिकांची आकडेवारी तपासली. दहा तुकड्या आणि वीस वर्षं मिळून २०० नोंदी, एकूण मृत्यू १२२. सरासरी नोंदीमागे ०.६१. तरीही २००पैकी १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही! त्या तुकड्यांचे घोडे गरीब होते असं नव्हे. घटना विरळ आणि एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, की निम्म्याहून जास्त खाने आपोआप कोरेच राहतात. अशा विरळ घटनांसाठीच्या, पॉयसाँ या फ्रेंच गणितज्ञाच्या सूत्राने कोऱ्या नोंदी किती याव्यात? जवळजवळ १०९च.

सूत्र सोपं आहे. एखाद्या काळात सरासरी म घटना अपेक्षित असतील, तर शून्य घटनांची शक्यता ‘इ’चा उणे म-वा घात. इथे ‘इ’ म्हणजे २.७१८ ही संख्या. आता घोड्याच्या जागी बास घ्या. समजा, तुमचं आमिष उत्तम आहे, जागा बरोबर आहे आणि सरासरी १२ तासांत एक मासा झडप घालतो. चार तासांच्या फेरीत म झाला एक तृतीयांश. रिकाम्या हाताने परतण्याची शक्यता ७२ टक्के. सगळं बरोबर करूनही! लागोपाठ तीन फेऱ्या, म्हणजे १२ तास, कोरे जाण्याची शक्यता ३७ टक्के. सहा फेऱ्यांची साडेतेरा. शक्यता पाच टक्क्यांवर यायला ३६ तास लागतात, म्हणजे नऊ फेऱ्या.

शेवटचा आकडा ज्यातून येतो, त्याला संख्याशास्त्रात ‘तीनचा नियम’ म्हणतात. ‘न’ इतके तास गळ टाकून काहीच लागलं नाही, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरा दर तासाला ३ भागिले ‘न’ यापेक्षा कमी आहे. नव्या औषधाचा दुष्परिणाम पाहणीत एकाही रुग्णात दिसला नाही, तेव्हा डॉक्टर हाच नियम वापरतात. मग बारा तासांच्या शून्यातून काय निघालं? दर तासाला पाव माशापेक्षा कमी, म्हणजे चार तासांना एकाहून कमी. ते तर आधीपासूनच ठाऊक होतं.

दोन आमिषांची तुलना तर याहून निसरडी. एकाचा दर १२ तासांना एक, दुसऱ्याचा २४ तासांना एक. पहिलं दुपटीने सरस. दोन्ही बारा-बारा तास वापरली, तर पहिलं कोरं जाण्याची शक्यता ३७ टक्के, दुसरं कोरं जाण्याची ६१. दोन्ही कोरी गेली, तर कोणतं सरस हे त्या शून्यांवरून ठरवणं जवळपास नाणेफेक आहे. आणि जो माणूस दर फेरीला आमिष बदलतो, त्याच्याकडे वर्षअखेर वीस आमिषं आणि प्रत्येकाचे चार-चार तास जमतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, फक्त खोका जड होतो.

अर्थात, हे सूत्र काचेच्या पेटीतलं आहे. त्यात दर स्थिर धरलाय. खरा बास पहाटे, ढगाळ वाऱ्यात, अंडी घालण्याच्या आधीच्या आठवड्यांत जास्त खातो आणि रणरणत्या दुपारी ढिम्म पडून राहतो. म्हणून तास मोजायचे तर सारखे तास मोजावेत. दुपारचे तीन तास पहाटेच्या खात्यात ओढू नयेत. सूत्राचा दुसरा निष्कर्ष मात्र पक्का धरावा: दर स्थिर असेल तर वाट पाहण्याला स्मृती नसते. ‘सात तास झाले, आता लागेलच’ हा जुगाऱ्याचा हिशेब. छळलेल्या तळ्यात तर उलटंच होतं. तळ्याला स्मृती नसली तरी माशाला आहे, आणि त्याच झुडपापाशी विसाव्यांदा आमिष टाकलं तर दर वाढत नाही, घटतो.

मग ३६ तास होईपर्यंत उमेद धरायची कशी? मोजण्याची गोष्ट बदलून.

मोठ्या आमिषाचा एक गुण छोट्यात क्वचित दिसतो. न खाणारे मासेही त्याच्यामागे येतात आणि स्वच्छ पाण्यात ते दिसतात. पाण्याची चकाकी मारणारा ध्रुवीकृत चष्मा घालून, शेवटच्या पाच-सहा मीटरवर आमिषाच्या मागे आणि खाली बघायचं. बऱ्याचदा आधी दिसते ती सावली. समजा, दीड तासाला एक मासा मागे येतो. त्याच तीनच्या नियमाने साडेचार तासांत एकही मागे आला नाही, तर इथला दर त्याहून खाली आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. झडप मोजली तर निकाल ३६ तासांनी, पाठलाग मोजला तर साडेचार तासांनी. निकाल आठपट लवकर! पाठलाग शून्य, तर जागा किंवा खोली चुकली. पाठलाग आहेत पण झडप नाही, तर जागा बरोबर आहे. ओढण्याची पद्धत बदला. या दोन शून्यांची औषधं वेगळी आहेत.

मागे आलेला मासा शेवटच्या मीटरभरात का वळतो, याचं एक शारीरिक कारण संभवतं. माशाच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत पार्श्वरेषा असते. तिच्यातल्या सूक्ष्म केसपेशींवर जेलीची टोपी असते. पाणी हललं की टोपी वाकते आणि पेशी संदेश पाठवते. पोहणाऱ्या वस्तूभोवतीची ही हालचाल अंतराच्या घनाच्या प्रमाणात विरते. अंतर दुप्पट, तर खळबळ एक अष्टमांश. त्यामुळे ही जाणीव शरीराच्या एक-दोन लांबींपलीकडे फारशी चालत नाही. अर्ध्या मीटरच्या बासला म्हणजे अर्धा ते एक मीटर. तोवर तो फक्त डोळ्यांनी बघत असतो. त्या मीटरभरात शिरला की पाणीही बोलू लागतं, आणि एकसुरी चालणारं, गळ हेलकावणारं प्लास्टिक तिथेच उघडं पडायची शक्यता सर्वांत जास्त. म्हणून मासा मागे दिसला की त्याच वेगाने ओढत राहू नये. डावी-उजवीकडे सरकणारं सांध्याचं आमिष असेल, तर रिळाच्या मुठीला झटकन दोन अर्धे फेरे द्यावेत, लगेच दोर ढिला सोडावा. आमिष गर्रकन माशाकडे तोंड करून थांबतं. सगळ्यांचा आवडता चुकीचा प्रतिसाद म्हणजे मासा बघून हात थबकणं आणि आमिष मेल्यासारखं लोंबकळणं.

रंगांवर मात्र फार जीव पाखडू नये. इलिनॉयमधल्याच संशोधकांनी २०१९मध्ये दाखवलं की बासच्या डोळ्यात हिरव्या आणि तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकूपेशी आहेत. तांबडा आणि हिरवा तो छान ओळखतो, पण पोपटी-पिवळा आणि पांढरा, किंवा काळा आणि निळा यांत गोंधळतो. त्या जोड्यांमधली अदलाबदल दुकानदाराच्या भल्याची.

आता माणसाच्या डोक्याकडे. मानसशास्त्रज्ञ स्किनरच्या प्रयोगांनी दाखवलं, की दर वेळी दाणा मिळणारं कबुतर दाणा बंद होताच लवकर चोच मारणं सोडतं. अधूनमधून, बेभरवशाने मिळणारं कितीतरी वेळ चिकाटीने मारत राहतं. पहिल्याच दिवशी मोठ्या आमिषावर तीन मासे मिळालेला नवखा म्हणूनच सर्वांत आधी सोडून देतो. मेंदूत डोपामाइन हे संदेशवाहक रसायन सोडणाऱ्या पेशी खुद्द बक्षिसापेक्षा, ते अपेक्षेहून कमी आलं की जास्त, या फरकाला अधिक प्रतिसाद देतात. अपेक्षा ‘आज एक मोठा’ अशी असेल, तर दहापैकी सात दिवस तो हिशेब उणेच येणार. अपेक्षा ‘आज दोन पाठलाग’ ठेवली, तर बहुतेक दिवशी तो जमेत जातो. मनाची समजूत घालण्याचा हा प्रकार नाही. पाठलाग ही खरोखरच जास्त माहिती आहे.

त्याच स्किनरने १९४८मध्ये कबुतरांना दर १५ सेकंदांनी, ती काहीही करोत, दाणा दिला. आठपैकी सहा कबुतरं आपापला विधी शिकली: एक गोल फिरू लागलं, दुसरं पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसू लागलं. होडीत केळं नको, ठरलेली टोपी हवी, चंद्रावरून माशांच्या खाण्याच्या वेळा सांगणाऱ्या कोष्टकातल्या वेळीच गळ टाकायचा, या गळ टाकणाऱ्यांच्या समजुती सगळ्या त्याच पंथातल्या. १९२६पासून चालत आलेली ती कोष्टकं तपासायची असतील तर उपाय फुकट आहे: कोष्टकाच्या वेळेतले आणि बाहेरचे सारखे तास वेगळे मोजा. कोष्टक मानणारे नेमके त्याच वेळी तळ्यावर असतात, म्हणून मासेही त्याच वेळी ‘लागतात’.

वहीत सात रकाने पुरतात: जागा, पाण्यात आमिष असल्याची मिनिटं, पाण्याचं तापमान, वारा, पाठलाग, मासा वळला ते अंतर, झडप. मिनिटं आमिष पाण्यात असल्याचीच. गाठी बांधणं, होडी हाकणं, गप्पा यात धरू नयेत. चार तासांच्या फेरीत ती अडीच तासही भरत नाहीत हे पहिल्या आठवड्यातच कळतं, आणि निम्मं कोडं तिथेच सुटतं. एका आमिषाला निदान सहा फेऱ्या द्याव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी: खोली तर खोली, वेग तर वेग. एका जागी तीन-चार कोनांतून टाकून पुढे सरकावं, तिथे त्या दिवशी परतू नये. शेवटचा अर्धा तास बारीक दोर आणि छोटी अळी वापरायला हरकत नाही. अधूनमधून मिळणारा दाणा आपल्यालाही लागतो. फक्त ती मिनिटं वेगळ्या पानावर लिहावीत.

आणि दर फेरीआधी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवावं. रुतलं तर ठीक, घसरलं तर कानस फिरवावी किंवा गळ बदलावा. १२ तासांतून एकदा येणारी झडप बोथट गळावर आली, तर वहीत झडप एक आणि मासा शून्य लागतो, आणि ते शून्य पॉयसाँच्या खात्यातलं नसतं.